मोबाइल अ‍ॅपने मीटर रीडिंग: जागेवरच चूक पकडणारी कामाची पद्धत

मीटर वाचताना आकडाच चुकतो, असे सगळे धरून चालतात. त्याहून जास्त डोकेदुखी करणाऱ्या चुका दोन. एक, आकडा बरोबर पण तो शेजारच्या मीटरचा. दुसरी, मीटर बरोबर पण युनिटांच्या जागी भलताच आकडा उतरवलेला. वहीत लिहिलेल्या अशा चुका बिल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कळत नाहीत. अ‍ॅपचा खरा उपयोग इथेच आहे. वाचक, म्हणजे मीटर वाचणारा माणूस, जागेवरून हलण्याआधी तीन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात: मीटर कोणता, त्यातला कोणता आकडा, आणि पुरावा काय. कॅमेऱ्याने आकडे आपोआप ओळखणे ही त्यानंतरची सोय. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि मग अ‍ॅपच्या नावाने बोटे मोडतात.

पुढची पद्धत वीज, पाणी आणि गॅस या तिन्ही मीटरांसाठी आहे. जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

आधी यादी, मग अ‍ॅप

फोनवर काहीही उतरवण्याआधी ग्राहकांची यादी साफ करा. प्रत्येक ओळीत एवढे हवे: ग्राहक क्रमांक, मीटरचा अनुक्रमांक, मीटरचा प्रकार, दशांश चिन्हाआधी आणि नंतर किती आकडे, एकक, गुणक (मीटरच्या आकड्याला ज्याने गुणायचे ती संख्या), मागील रीडिंग आणि त्याची तारीख, रोजची सरासरी खपत, ठिकाणाची ओळखखूण, अक्षांश-रेखांश आणि फेरीतला चालण्याचा क्रम.

अनुक्रमांक आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून साठवा. स्प्रेडशीटमध्ये आकड्यांचा स्तंभ ठेवला की ००४५८२१३ चे ४५८२१३ होते आणि मग जागेवरचा बारकोड यादीशी जुळत नाही. एक्सेल १५ पेक्षा जास्त अंक धरूनच ठेवत नाही. पुढच्या अंकांच्या जागी शून्ये बसवते. फाइल एकदा अशी सेव्ह झाली की मूळ क्रमांक परत येत नाहीत.

मीटरवर किती आकडे आहेत हा रकाना बहुतेक याद्यांत नसतो. तो नसेल तर मीटर फिरून शून्यावर आला आहे की वाचणाऱ्याने एक आकडा गाळला आहे, हे अ‍ॅपला ठरवता येत नाही. गॅसच्या जुन्या मीटरांत एकक तपासा. काही मीटर घनमीटर दाखवतात, काही घनफूट. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, त्यामुळे एकक उलटसुलट झाले तर बिल तेवढ्या पटीत फिरते.

गुणकाचे दुखणे मोठ्या वीज ग्राहकांचे. करंट ट्रान्सफॉर्मर (मोठा विद्युतप्रवाह ठरावीक पटीत कमी करून मीटरला देणारे उपकरण) २००/५ चा, म्हणजे २०० अँपिअरचे ५ करणारा असेल आणि मीटर ५ अँपिअरच्या हिशेबाने आकडे दाखवत असेल, तर गुणक ४०. मीटर १००/५ साठी बनवलेला आणि बसवलेला ट्रान्सफॉर्मर २००/५ चा, तर गुणक २. मीटरमध्येच २००/५ भरलेले असेल तर गुणक १. वाचकाने जागेवर गुणाकार करायचा नाही, हा नियम लोखंडी ठेवा. पडद्यावर दिसते तसेच अ‍ॅपमध्ये भरायचे आणि गुणाकार सर्व्हरवर एकदाच व्हायचा. दोन्हीकडे गुणाकार झाला तर ४० चे १६०० होतात.

बारकोड किंवा क्यूआर चिकटवणार असाल तर तो मीटरच्या अंगावर लावा, पेटीच्या झाकणावर नको. झाकणे दुरुस्तीत अदलाबदल होतात, मीटर बदलला तरी झाकण तेच राहते. स्टिकरने नामपट्टी, सील किंवा लुकलुकणारा पल्सचा दिवा झाकला जाता कामा नये.

कोणते अ‍ॅप

तीन वाटा आहेत. वितरण संस्थेच्या बिलिंग प्रणालीला जोडलेले तयार अ‍ॅप असेल तर तेच वापरा. बिलाशी जोडणी हा सगळ्यात किचकट भाग तिथे आधीच सुटलेला असतो. स्वतंत्र अ‍ॅप लिहून घेणे हजारो मीटरांच्या कामातच परवडते. मधली वाट फॉर्म भरण्याच्या अ‍ॅपची: ओडीके कलेक्ट, कोबो कलेक्ट, एपिकलेक्ट ५, आणि नकाशावर काम करायचे असेल तर क्यूफिल्ड. ही सगळी नेटवर्क नसताना चालतात. गृहसंकुल, औद्योगिक वसाहत, छोटी पाणी योजना अशा काही शे मीटरांच्या कामाला ती पुरतात. गूगल फॉर्म इथे उपयोगाचा नाही, कारण तो नेटशिवाय भरता येत नाही आणि तळघरात तर नेट नसतेच.

ओडीके आणि कोबोमध्ये फॉर्म स्प्रेडशीटवर बांधतात. चार गोष्टी आठवणीने लावा. बारकोड हा प्रश्न पहिला ठेवा आणि स्कॅन झालेल्या क्रमांकावरून यादीतली माहिती आपोआप ओढून घ्या. फोटोच्या प्रश्नाला फक्त नवीन फोटोची अट लावा. नाहीतर गॅलरीतून मागच्या महिन्याचा फोटो जोडला जातो. फोटोच्या लांब बाजूला पिक्सेलची मर्यादा घाला. आणि ऑडिटची नोंद सुरू करा. कोणत्या प्रश्नावर किती वेळ गेला हे त्यात कळते, आणि परवानगी दिली तर कुठे भरले तेही.

मागील रीडिंग वाचकाला दाखवायचे की नाही, यावर मतभेद आहेत. आमचे मत स्पष्ट आहे: आधी दाखवू नका. मागचा आकडा डोळ्यांसमोर असला की मन त्याच्या आसपासचाच आकडा वाचते. आणि ज्याला मीटरपर्यंत जायचेच नाही, त्याला घरबसल्या पटणारा आकडा बनवायला एवढी माहिती पुरते. आकडा भरून झाल्यावर, तो मर्यादेबाहेर असेल तरच अ‍ॅपने हरकत घ्यावी. तीही आधी नुसती "पुन्हा वाचा" एवढीच. किती जास्त किंवा किती कमी हे सांगू नये.

फोनची तयारी

महागडा फोन लागत नाही. आपोआप फोकस होणारा मुख्य कॅमेरा, टॉर्च, दिवसभर पुरणारी बॅटरी आणि उन्हात दिसणारा पडदा एवढे पुरे. सगळ्यात स्वस्त फोनांत कधी कधी ठरावीक फोकसचा कॅमेरा असतो आणि त्यातून जवळचा आकडा धुरकट येतो. विकत घेण्याआधी वीतभर अंतरावरून एखाद्या पाकिटावरचा बारीक मजकूर टिपून बघा.

निघण्याआधी चार सेटिंग्ज. तारीख-वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्यावर ठेवा. तारीख चुकली की दिवसांचा आणि पर्यायाने सरासरीचा हिशेब बिघडतो. अ‍ॅपसाठी बॅटरी बचतीचे बंधन काढा, नाहीतर अँड्रॉइड मागच्या मागे सिंक (सर्व्हरशी माहितीची देवाणघेवाण) बंद करते. लोकेशनला अचूक स्थानाची परवानगी द्या. आणि त्या दिवसाची यादी वायफायवर उतरवून घ्या, मग विमान मोडवर टाकून एक ग्राहक उघडून पाहा. नेटशिवाय उघडला तरच काम सुरू करा.

बॅटरी सगळ्यात जास्त खातो तो पडदा, त्यामागून कॅमेरा आणि टॉर्च. १०,००० एमएएचची पॉवर बँक सोबत असावी, पण फोन उन्हात चार्ज करत फिरू नका. अ‍ॅपलने आयफोनसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस दिले आहे. इतर फोनही फार वेगळे नसतात. फोन तापला की पडदा मंद होतो, चार्जिंग थांबते, टॉर्च लागत नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये तो सावलीत, पिशवीत ठेवा.

मीटरसमोरचा क्रम

आधी ओळख. मीटरवरचा बारकोड स्कॅन करा. बारकोड खराब असेल तर नामपट्टीवरचा अनुक्रमांक बघून शेवटचे चार अंक टाइप करा आणि अ‍ॅपने दाखवलेला पूर्ण क्रमांक मीटरशी पडताळा. यादीत पुढचे नाव कोणाचे आहे त्यावरून मीटर ठरवू नका. ओळीने बारा मीटर बसवलेल्या पॅनेलवर एक घर गाळले की पुढची सगळी रीडिंग एकेक घर सरकतात, आणि प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर बरोबरच वाटतो.

क्रमांक जुळला नाही तर थांबा. मीटर बदलला असेल, यादी जुनी असेल किंवा तुम्ही चुकीच्या पेटीसमोर असाल. "मीटर क्रमांक वेगळा" हा संकेत निवडा, नामपट्टीचा फोटो घ्या आणि दिसलेला आकडा नोंदवा. जुना क्रमांक बळेच जुळवून पुढे जाऊ नका. मीटर बदलला असेल तर जुन्याचे अखेरचे आणि नव्याचे सुरुवातीचे रीडिंग वेगवेगळे लागते.

मग स्थिती पाहा: सील शाबूत आहे का, काच फुटली आहे का, टर्मिनलपाशी काळे डाग किंवा वितळलेले प्लास्टिक आहे का, मीटर तिरका बसला आहे का. ही नोंद आकडा वाचण्याआधी करा. आकडा भरून झाला की हात पुढच्या दाराकडे वळतो आणि स्थिती राहून जाते.

त्यानंतर डोळ्यांनी वाचा, डावीकडून उजवीकडे, मनात एकेक अंक म्हणत. अ‍ॅपमध्ये भरा. मग फोटो. शेवटी भरलेला आकडा आणि फोटो एकाच पडद्यावर शेजारी दिसले पाहिजेत, म्हणजे मिलान तिथेच होते. फोटो आधी आणि आकडा नंतर, असा क्रम लावला तर वाचक फोटोवरूनच आकडा भरतो आणि फोटोतला अस्पष्ट ३ त्याला ८ दिसतो.

मीटरप्रमाणे वाचन

डिजिटल वीज मीटरचा पडदा आपोआप फिरतो. तारीख, वेळ, युनिट (केडब्ल्यूएच), केव्हीएएच (किलोव्होल्ट-अँपिअर तास), कमाल मागणी (त्या काळातला सर्वाधिक भार), व्होल्टेज, करंट, पॉवर फॅक्टर असे आकडे एकामागून एक येतात आणि प्रत्येक काही सेकंदच टिकतो. एकक किंवा कोड बघितल्याशिवाय आकडा उचलायचा नाही. ज्या मीटरवर कोड दिसतात तिथे १.८.० म्हणजे एकूण घेतलेली वीज, २.८.० म्हणजे परत पाठवलेली, ९.८.० म्हणजे केव्हीएएच, १.६.० म्हणजे कमाल मागणी. १.८.१, १.८.२ असे पुढे गेलेले कोड वेळेप्रमाणे दर असलेल्या टप्प्यांचे. त्यांची बेरीज १.८.० शी जुळली पाहिजे. ही बेरीज अ‍ॅपकडून करून घ्या, फार स्वस्तात चुका सापडतात.

छतावर सौर पॅनेल असेल तर आयात आणि निर्यात दोन्ही लागतात, आणि दोन्हींसाठी वेगवेगळे रकाने व वेगवेगळे फोटो हवेत. एकच रकाना ठेवला तर वाचक समोर जो आकडा आला तो भरतो. मीटरवर बटण असेल तर ते दाबून आकडे पुढे सरकवता येतात. सगळे भाग उजळलेली ८८८८८८ ची ओळ ही पडद्याची चाचणी असते, रीडिंग नव्हे. तिचा उपयोग मात्र करून घ्या: त्या क्षणी एखादी रेघ उजळली नाही, तर पुढे ८ चा ६ किंवा ९ दिसणार हे आधीच कळते.

चाकांच्या मीटरमध्ये दोन अंकांमध्ये अडकलेला आकडा दिसतो. नियम सोपा: चाक ६ आणि ७ च्या मध्ये असेल तर ६ धरा. उजवीकडचे चाक शून्य ओलांडून गेले असेल तरच वरचा अंक. उजवीकडे ९ फिरत असताना डावीकडची चाकेही एकत्र सरकू लागतात, तेव्हा हीच कसोटी कामाला येते. लाल किंवा लाल चौकटीतले अंक दशांशाचे असतात. ते भरायचे की नाही हे यादीतल्या आकड्यांच्या संख्येवरून अ‍ॅपने ठरवावे, वाचकावर सोडू नये. ०१२३४ आणि लाल ५६७ असे दिसत असताना सगळे आकडे सलग भरले तर खप हजारपट होतो.

काट्यांच्या जुन्या मीटरमध्ये लागोपाठच्या तबकड्या उलटसुलट दिशांना फिरतात. काटा दोन अंकांमध्ये असेल तर त्याने नुकताच ओलांडलेला अंक घ्या. ९ आणि ० मध्ये असेल तर ९. काटा अंकावर बरोबर टेकलेला दिसला तर उजवीकडची तबकडी पाहा. तिचा काटा शून्य ओलांडून गेला नसेल तर एक अंक कमी धरा. म्हणूनच काट्यांचा मीटर उजवीकडून डावीकडे वाचणे सोयीचे पडते, आणि फोटो तिरका काढला तर तो वाया जातो.

पाण्याच्या मीटरवर काळे अंक घनमीटर दाखवतात. खालचे लाल काटे ×०.१, ×०.०१, ×०.००१ असे असतात, ×०.००१ च्या काट्याचा एक भाग म्हणजे १ लिटर. मधोमध असलेली छोटी चांदणी किंवा त्रिकोण पाहायला विसरू नका. सगळे नळ बंद असूनही ती फिरत असेल तर मीटरपुढे कुठेतरी गळती आहे. हा एक रकाना अ‍ॅपमध्ये ठेवला तर अचानक वाढलेल्या बिलांवरचे काही वाद जागेवरच मिटतात, निदान वादाला एक ठोस मुद्दा तरी मिळतो.

वीज मीटर चालू आहे पण आकडा संशयास्पद वाटतो, अशा वेळी पल्सचा दिवा मोजा. किलोवॉटमधला भार म्हणजे ३६०० गुणिले लुकलुक, भागिले (सेकंद गुणिले मीटरचा स्थिरांक, म्हणजे एका युनिटला किती पल्स). नामपट्टीवर एका युनिटला ३२०० पल्स असतील आणि ९ सेकंदांत १० वेळा दिवा लुकलुकला, तर भार १.२५ किलोवॉट. घरात चालू उपकरणे पाहता हा आकडा पटत नसेल तर तशी नोंद करा.

फोटो असा घ्या

पुराव्याच्या फोटोत आकडा आणि अनुक्रमांक दोन्ही एकाच चौकटीत हवेत. एका फोटोत मावत नसतील तर दोन घ्या: एक पूर्ण मीटरचा, एक आकड्याचा.

फोन मीटरला अगदी चिकटवू नका. बहुतेक फोनांचा मुख्य कॅमेरा ८-१० सेंटिमीटरच्या आत फोकस धरत नाही. २०-३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि लागल्यास दुप्पट झूम करा. आकड्यावर बोट टेकवून फोकस पक्का होऊ द्या, मगच टिपा. फ्लॅशचा पांढरा गोळा काचेच्या बरोबर मधोमध, म्हणजे आकड्यांवरच पडतो; फ्लॅश बंद ठेवून छोटी बॅटरी बाजूने धरा. ऊन असेल तर अंगाची सावली मीटरवर पाडा. तरीही चमक येत असेल तर फोन १५-२० अंश वर किंवा खाली कलवा. काट्यांच्या मीटरला मात्र ही मुभा नाही, तिथे समोरूनच फोटो हवा.

एलसीडी पडदा वरून किंवा खालून पाहिला की अंक फिके पडतात किंवा न पेटलेल्या रेघाही दिसू लागतात. पोलराइज्ड गॉगल लावून पाहिले तर पडदा काळाठिक्कर दिसू शकतो. "डिस्प्ले बंद" असा संकेत देण्याआधी गॉगल काढा. लाल एलईडी अंकांच्या मीटरवर वेगवान शटरमध्ये एखादा अंक गायब दिसतो, कारण ते अंक एकामागून एक झपाट्याने पेटत-विझत असतात. तिथे दोन-तीन फोटो घ्या आणि सगळे अंक आलेला ठेवा.

उंचावरच्या किंवा कोपऱ्यातल्या मीटरला सेल्फी स्टिक चालते. आरसा वापरला तर अंक उलटे येतात आणि पडद्यावरचा २ हा ५ सारखा भासतो. आरशातून वाचलेला आकडा फोटो सरळ करून तपासल्याशिवाय भरू नका. पाण्याच्या मीटरच्या काचेवर चिखल असेल तर ओल्या फडक्याने पुसा. वाफ काचेच्या आतून धरली असेल तर पुसून उपयोग नाही, "काच आतून धूसर" असा संकेत द्या.

आकारासाठी १२८० × ९६० पिक्सेल पुरे. आकड्यांची खिडकी फोटोच्या रुंदीचा तिसरा भाग व्यापत असेल आणि त्यात ७ अंक असतील, तर प्रत्येक अंकाला सुमारे ६० पिक्सेल मिळतात. असा फोटो साधारण २००-३०० केबीचा होतो. २०० मीटरांचे दिवसाचे काम ५० एमबीच्या आसपास. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून गोळा करण्याची पद्धत सोडून द्या. तिथे फोटो आणखी दाबला जातो आणि त्यातली वेळ व स्थानाची माहिती निघून जाते.

आकडे ओळखणारा कॅमेरा

गूगलच्या एमएल किटसारखी साधने फोनवरच, नेटशिवाय मजकूर ओळखतात. प्रत्येक अक्षर किमान १६ × १६ पिक्सेलचे असावे, आणि २४ पिक्सेलपलीकडे अचूकता सहसा वाढत नाही, असे त्यांचे मार्गदर्शन आहे. म्हणजे फोटोचा आकार ही अडचण नसते. अडचण वेगळीच असते. ही साधने छापील मजकुरावर शिकलेली असतात, आणि मीटरचे अंक तुटक रेघांचे किंवा अर्धे फिरलेले. १ आणि ७, ५ आणि ६, ० आणि ८ यांत गोंधळ होतो, दशांश बिंदू गळतो, आणि कधी कधी अनुक्रमांकच रीडिंग म्हणून उचलला जातो.

म्हणून आकड्यांच्या खिडकीभोवती पडद्यावर चौकट आखून तेवढाच भाग ओळखायला द्या, आणि तिथे किती अंक अपेक्षित आहेत ते सांगा. ७ च्या जागी ६ अंक आले तर निकाल फेकून द्यायचा. यंत्राचा आकडा रकान्यात आपोआप भरूही नका. वाचकाने भरलेल्या आकड्याशी त्याची गुपचूप तुलना करा आणि दोन्ही वेगळे निघाले तरच विचारा. यंत्राने भरलेल्या आकड्यावर माणूस न बघता "ठीक" दाबतो. मग चूक कोणाची हेही सांगता येत नाही.

जागेवरच्या तपासण्या

सगळ्या तपासण्या फोनमध्येच हव्यात, कारण सर्व्हरवर चूक सापडेपर्यंत वाचक तिथून निघून गेलेला असतो.

खप दिवसांवर आणून तपासा. मागच्या वेळी ३० दिवसांत १८० युनिट म्हणजे रोज ६. या वेळी ३७ दिवसांत २२२ युनिट दिसले तर ते वाढलेले नाहीत, रोजचे ६ च आहेत. रोजची खपत सरासरीच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त झाली की अ‍ॅपने पुन्हा वाचायला सांगावे, ही सुरुवातीची मर्यादा चालते. पण नुसता पटीचा नियम लावला तर ३ युनिटचे ७ झाले तरी घंटा वाजते. पटीबरोबर किमान फरकाचीही अट ठेवा. दर दुसऱ्या घरी घंटा वाजली की लोक ती वाचणे सोडून देतात आणि तपासणी असून नसल्यासारखी होते.

आकडा मागच्यापेक्षा कमी निघाला तर कारणे चार: चुकीचा मीटर, चुकीचे वाचन (आताचे किंवा मागचे), बदललेला मीटर, किंवा शून्यावरून फिरलेला मीटर. पाच अंकी मीटरवर मागील रीडिंग ९९८७४ आणि आताचे ००१३१ असेल तर खप १,००,००० वजा ९९,८७४ अधिक १३१, म्हणजे २५७. मागील रीडिंग कमाल आकड्याच्या जवळ असेल आणि येणारा खप सरासरीला धरून असेल, तरच मीटर फिरला असे माना. दोन्ही अटी नसतील तर आपोआप हिशेब करू देऊ नका, नाहीतर ४५२१० च्या जागी मागच्या रीडिंगहून कमी पडणारा ४५१२० भरल्यावर लाखाच्या जवळपास युनिटांचे बिल निघते.

अदलाबदल पकडायची एक जुनी हिशेबनिसांची युक्ती इथेही चालते. शेजारचे दोन अंक उलटे झाले तर खऱ्या आणि चुकलेल्या आकड्यांतल्या फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. ४५७३ च्या जागी ४७५३ लिहिले तर फरक १८०. वाचकाचा आणि कॅमेऱ्याचा आकडा यांतला फरक असा निघाला तर अ‍ॅपने "अंक उलटे झाले आहेत का" असे थेट विचारावे.

जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत नेमके असते. जिन्याखाली, तळघरात, उंच इमारतींच्या मध्ये ते कितीही भरकटते. म्हणून स्थान जुळले नाही एवढ्यावरून रीडिंग नाकारू नका. स्थानाबरोबर अचूकतेचा आकडाही साठवा आणि दोन्ही मिळून निर्णय घ्या: ८ मीटर अचूकता असूनही ठिकाण ६०० मीटर दूर दिसत असेल, तर ती विचारण्याजोगी बाब आहे. शेजारशेजारचे दोन मीटर वेगळे ओळखण्यासाठी मात्र जीपीएस कधीच पुरत नाही, ते काम बारकोडचेच.

रीडिंग मिळालेच नाही तर

दार बंद, पेटीला कुलूप, समोर सामान रचलेले, डिस्प्ले बंद, मीटर जळालेला, काच फुटलेली, मीटर सापडत नाही, ग्राहकाने नकार दिला. एवढे संकेत पुरतात. वीस-पंचवीस पर्याय दिले की सगळे "इतर" निवडतात. प्रत्येक संकेताला फोटो सक्तीचा करा, अगदी बंद दाराचाही. काही मीटरांत वीज गेलेली असतानाही बटण दाबले की आतल्या बॅटरीवर पडदा उजळतो, तेव्हा "डिस्प्ले बंद" लिहिण्याआधी बटण दाबून पाहा. आणि रीडिंग न मिळाल्यास रकाना रिकामा ठेवा, ० कधीही भरू नका. शून्य हेही एक रीडिंगच असते.

माहिती सर्व्हरवर पोहोचेपर्यंत

प्रत्येक नोंदीला ग्राहक क्रमांक आणि आवर्तन (रीडिंगची त्या वेळची फेरी) मिळून एकच ओळख द्या. नेटवर्क मध्येच तुटले आणि फोनने तीच नोंद पुन्हा पाठवली तरी सर्व्हरवर ती एकदाच बसते. सर्व्हरकडून पोच आल्याशिवाय फोनमधली नोंद पुसली जाता कामा नये. आकडे आधी पाठवा आणि फोटो मागून, वायफाय मिळाल्यावर. आकडे काही केबींचे असतात, फोटो अडकले तरी बिलाचे काम थांबत नाही.

सगळ्यात मोठे नुकसान होते ते अ‍ॅप अडले म्हणून कोणीतरी "डेटा साफ करा" दाबल्याने किंवा अ‍ॅप काढून पुन्हा टाकल्याने. न पाठवलेल्या नोंदी त्याच क्षणी जातात. न पाठवलेल्या नोंदींची संख्या पहिल्याच पडद्यावर ठळक दिसली पाहिजे, आणि ती शून्य झाल्याशिवाय फोन जमा करू नये.

फोनला पडदा-कुलूप आणि हरवल्यास दुरून पुसण्याची सोय हवी. फोटोत माणसे, घराचा आतला भाग, गाडीचा क्रमांक येऊ देऊ नका. ग्राहकाचा फोन नंबर वाचनासाठी लागत नसेल तर तो यादीत घालूच नका.

पडद्याऐवजी थेट मीटरशी बोलणे

बऱ्याच वीज मीटरांवर गोल लोखंडी चकतीसारखा ऑप्टिकल पोर्ट असतो. त्यावर चुंबकाने चिकटणारा प्रोब लावून, यूएसबी ओटीजी (फोनला बाहेरचे उपकरण जोडायची वायर) किंवा ब्लूटूथने फोनला जोडला की साठवलेले आकडे थेट येतात. टाइप करताना होणारी चूक इथे उरतच नाही. प्रोबची वायर खाली लोंबेल असा लावा. उलटा लावला तर पाठवणारा आणि ऐकणारा दिवा समोरासमोर येत नाहीत आणि फोनवर नुसते "प्रतिसाद नाही" येते. आयईसी ६२०५६-२१ या मीटर वाचण्याच्या प्रमाणित पद्धतीत संवाद ३०० बॉडच्या संथ वेगाने सुरू होतो आणि मग वेग वाढतो, म्हणून पहिली काही सेकंदे शांतता वाटली तरी प्रोब काढू नका. कडक ऊन पोर्टवर पडत असेल तर हाताने सावली करा.

रेडिओवर आकडे पाठवणारे पाणी आणि गॅसचे मीटरही असतात. वायरलेस एम-बस या मीटरांच्या रेडिओ पद्धतीचे सिग्नल फोन स्वतः पकडू शकत नाही, त्यासाठी ब्लूटूथने जोडलेला वेगळा रिसीव्हर लागतो, आणि आकडे सहसा कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेले) असल्यामुळे प्रत्येक मीटरची किल्ली, म्हणजे ते उलगडणारा संकेतांक, यादीत हवी. अशा कामातही अधूनमधून डोळ्यांनी वाचलेला आकडा पडताळून पाहा. रेडिओचा भाग मीटरवर बाहेरून बसवलेला असतो. तो बसवताना सुरुवातीचा आकडा चुकला की पुढचा प्रत्येक आकडा तेवढाच चुकीचा येतो.

काही धोके

गॅसचा वास आला तर तिथे फोन हातात धरू नका, टॉर्च लावू नका, घंटीचे बटणही दाबू नका. बाहेर, दूर येऊन मगच कळवा. साधा फोन ठिणगीपासून सुरक्षित प्रमाणित केलेला नसतो. स्फोटक वायूच्या क्षेत्रात त्यासाठीच प्रमाणित केलेले फोन वापरतात. पाण्याच्या मीटरच्या खोल चेंबरमध्ये फोटोसाठी उतरू नका. बंद खड्ड्यात प्राणवायू कमी असू शकतो आणि ते वरून कळत नाही. काठी लावलेला फोन आणि टॉर्च पुरतात. झाकण उचलण्याआधी ते हुकाने थोडे हलवा, आत विंचू, गांधील माशी किंवा साप असू शकतो. विजेच्या मीटरचे सील असलेले कोणतेही झाकण उघडायचे नाही, आणि ओल्या फरशीवर उभे राहून पेटीला हात लावायचा नाही.

पहिली फेरी आणि फेरतपासणी

सुरुवात ५० मीटरांपासून करा, त्यात मीटरांचे सगळे प्रकार येऊ द्या. एका माणसाने वहीत आणि दुसऱ्याने अ‍ॅपमध्ये, एकमेकांना न दाखवता नोंदी कराव्यात. संध्याकाळी फरक निघालेल्या प्रत्येक नोंदीचा फोटो उघडा आणि कारण लिहा: ओळख चुकली, मीटरवरचा भलताच आकडा उचलला, अंक चुकला की यादीच चुकीची होती. यादीच्या चुका इथे भरपूर सापडतील, त्या दुरुस्त केल्याशिवाय पुढचा भाग घेऊ नका.

पुढे दर आवर्तनात काही रीडिंग दुसऱ्या माणसाकडून पुन्हा वाचून घ्या. निवड यंत्राने करावी, पर्यवेक्षकाने नव्हे. त्याच्या जोडीला संशयास्पद नोंदी पाहा: दोन रीडिंगमधले अंतर चालून जाता न येण्याइतक्या कमी वेळात भरलेली, सलग अनेक ग्राहकांचा खप सरासरीच्या तंतोतंत आलेली, एकाच भिंतीसमोर काढल्यासारखे फोटो असलेली. शंकेचा पहिला हिशेब यादीशी आणि फॉर्मशी करा, माणसाशी नंतर. एकाच पॅनेलवरच्या बारा मीटरांची रीडिंग पाच मिनिटांत होणे अगदी स्वाभाविक आहे, आणि वेळेचा नियम लावताना पॅनेल वेगळे धरले नाही तर सगळ्यात चोख काम करणाराच वाचक संशयितांच्या यादीत सगळ्यात वर दिसतो.